दानीकडे पाठ

सकाळी ६. वडशाजवळचं आमचं गाव अजून धुक्यात आहे. धान निघालेल्या बांध्यांचे धुरे मोडून शंकरपटाची दान तयार केली आहे; बैल धावतात ती पट्टी. आम्ही आठ नवे स्वयंसेवक धसकटं आणि खडे वेचतोय. शिकवणारे मामाजी जुने झेंडीवाले. त्यांनी सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या. "तुमाले टोचलं त बैलालेही टोचन."

८. झेंडीचा धडा. झेंडी वर असेपर्यंत जोडी सुटायची नाही, बस. मोटारींच्या शर्यतीत मार्शलकडे पिवळा, लाल, निळा असे कितीतरी झेंडे असतात आणि धावत्या गाडीकडे पाठ करायची नाही, हे आधी घोटवून घेतात. आमचं उलटं. तोंड लोकांकडे. "बैल पाहाचे असन त दोराच्या भाईर जाय," मामाजी म्हणाले.

९:३०. पशुवैद्यक जोड्या तपासतात, आम्ही जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांकडून तुताऱ्या गोळा करतो. टोकाला खिळा असलेली ही काठी सोडताना माणसं कुरकुरतात. पण ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने पट बंद केले होते. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली ती अटींवर, आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा टिकला. एका तुतारीपायी पुन्हा सगळं बंद व्हायला नको, एवढं सांगितलं की काठी हातात येते.

११. पहिल्या दोन जोड्या सुटल्या. आधी घुंगरं, मग पायाखालची जमीन हलते. माझी मान वळलीच. तेवढ्यात मोबाईल धरलेला एक पोरगा दोराखालून आत सरकला. मला दिसला तो मामाजींच्या मुठीत, कॉलरसकट. धूळ खाली बसेस्तोवर ते काही बोलले नाहीत. मग माझे दोन्ही खांदे धरून मला लोकांकडे वळवलं.

दुपारभर ऊन, धूळ, शिट्टी. चिवडा उभ्यानेच खाल्ला.

५. शेवटची चढाओढ. समोरच्या हजार तोंडांवरून कळत होतं, जोडी कुठवर आली ते. मान नाही वळवली.

रात्री १०. पटाच्या रात्री नाटक ठरलेलंच. पहिला नंबर कोणत्या जोडीचा आला, ते मी तिकिटाच्या रांगेत पुढच्या माणसाला विचारून घेतलं.