श्वासाचा पहारा

मूल झोपलें म्हणजे घर निर्धास्त होतें, असा आपला नेहमींचा अनुभव आहे. परंतु कांहीं घरांत मूल झोपलें कीं जागरण सुरू होतें. कारण त्या मुलाचा श्वास उशाशीं ठेवलेल्या एका यंत्रावर चालत असतो. दवाखान्यांत त्यास व्हेंटिलेटर म्हणतात. आपण श्वासयंत्र म्हणूं. पूर्वीं अशीं मुलें रुग्णालयांतच राहत. आतां हें यंत्र हातांत उचलून नेण्याइतकें लहान झालें आहे, आणि म्हणून सोलापुरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि असें मूल वाढविणें शक्य झालें आहे. तें कसें वाढवावें आणि तें कोणाचें काम आहे, याचा आज विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अशा पुष्कळ मुलांचीं फुप्फुसें मुळांत निकोप असतात. दुबळे असतात ते छाती हालविणारे स्नायु. मज्जारज्जूमधून स्नायूंना हुकूम पोंचविणाऱ्या पेशी जन्मजात दोषामुळें झडूं लागल्या, म्हणजे मूल मान सांवरीत नाहीं, त्यास जोरानें खोकतां येत नाहीं, आणि शेवटीं श्वास ओढण्याचें बळ उरत नाहीं. या रोगास स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी असें नांव आहे. आईबाप दोघेहि स्वतः धडधाकट असून या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. यांत ग्रहणाचा, डोहाळ्यांचा किंवा कोणाच्या पायगुणाचा कांहींएक संबंध नाहीं. बुद्धीस हा रोग शिवत नाहीं. मूल सर्वांना ओळखतें, हंसतें, रुसतेंहि.

२०२१ सालीं मुंबईच्या एका तान्ह्या मुलीस या रोगावरील सुमारें १६ कोटि रुपयांचें औषध लोकवर्गणींतून मिळालें, तेव्हां हें नांव घरोघर पोंचलें. त्याच वर्षीं जूनमध्यें पिंपरी-चिंचवडच्या एका बालिकेसहि तें देण्यांत आलें. परंतु ऑगस्टमध्यें ती दगावली. हें औषध शिल्लक राहिलेल्या पेशी वांचवितें, गेलेल्या परत आणीत नाहीं. म्हणून औषध मिळाल्यावरहि श्वासावर लक्ष ठेवण्याचें काम संपतेंच असें नाहीं.

दीर्घकाळ यंत्र लागणार असलें, तर बहुधा गळ्यापाशीं श्वासनलिकेस छिद्र करून नळी बसवितात. तिचे दोन परिणाम घरानें समजून घ्यावेत. पहिला हा कीं, हवा स्वरयंत्राला टाळून जात असल्यामुळें मुलाचें रडणें सहसा ऐकूं येत नाहीं. स्वयंपाकघरांत काम करतां करतां कान देऊन भागत नाहीं. डोळ्यांसमोर माणूस लागतें. दुसरा असा कीं, एरवीं नाक हवेला ऊब व ओलावा देतें, तें काम आतां बंद पडतें. सोलापुरास वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशा वेळीं कफ घट्ट होऊन नळी तुंबते. यासाठीं यंत्रास ओलावा देणारी जोड हवी, आणि हात स्वच्छ धुऊन, डॉक्टरांनीं दाखविलेल्या मापापुरतीच बारीक नळी आंत घालून कफ ओढून काढावा लागतो. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक ओढूं नये. गळ्यांतील नळी निसटली तर लावण्यास त्याच मापाची एक व एक माप लहान अशा दोन नळ्या उशाशीं तयार असाव्यात.

यंत्राची घंटा वाजली तर आधीं यंत्राकडे नव्हे, मुलाकडे पाहावें. ओठ निळे पडले, छाती उठेनाशी झाली, तर नळी जागेवर आहे ना, तुंबली नाहीं ना, हें पाहावें. आणि कारण सांपडेना तर यंत्र सोडवून हातपिशवीनें श्वास द्यावा. ही रबरी पिशवी दवाखान्यांत अंबू-बॅग या नांवानें ओळखतात. ती दाबली म्हणजे हवा आंत जाते, सोडली म्हणजे ती आपोआप फुगते. छाती जराशी उठेल इतकीच दाबावी. वीज गेली, इन्व्हर्टर थकला, यंत्राची स्वतःची बॅटरी उतरली, तरी ही पिशवी चालते. पुणें येथून अडीचशें किलोमीटर दूर. पहिलीं पांच मिनिटें मात्र घरच्या माणसाच्याच हातीं असतात.

हातानें दिलेल्या श्वासाची ही विद्या १९५२ सालच्या कोपनहेगनमध्यें सिद्ध झाली. तेथें पोलिओची सांथ उसळली होती आणि श्वास थांबलेल्या रोग्यांच्या मानानें यंत्रें अगदींच थोडीं होतीं. ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांनीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेंत नळी बसवून पिशवीनें हवा दिली, आणि ती वांचली. पुढें सुमारें दीड हजार विद्यार्थी आळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. तेथें पिशवी साधी होती; विशेष होती ती आळीपाळी.

आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. यंत्र येतें, कर्ज काढलें जातें, आणि "आईसारखें कोण करणार?" असें म्हणून सारा पहारा एकटीवर सोंपविला जातो. हा गौरव नव्हे. हा धोका आहे. चार रात्री न झोपलेल्या माणसास घंटाहि ऐकूं येत नाहीं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें २०१६ सालीं याविषयीं स्पष्ट शिफारस केली: अशा मुलापाशीं सदैव एक शिकविलेलें, जागें माणूस असावें, आणि कुटुंबांतील निदान दोघांना हें शिक्षण दिलेलें असावें. ज्या सोलापुरानें गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजले, त्यास पाळ्यांचें महत्त्व सांगावयास नको. एकच कामगार तिन्ही पाळ्या भरूं लागला तर साचा त्याचाच हात खाईल, हें येथील पोरासोरांसहि ठाऊक होतें. मग बापानें, आजोबांनीं, आत्यानें मूल घरीं आणण्यापूर्वींच रुग्णालयांत राहून हें काम स्वतःच्या हातानें करून शिकावें, आणि भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावावा.

शेजाऱ्यांचेंहि येथें काम आहे. "कांहीं लागलें तर सांगा" असें दारांतून म्हटल्यानें त्या घराचें कांहींच हलकें होत नाहीं. त्यापेक्षां, "डॉक्टरांकडे मलाहि न्या, पिशवी दाबावयास मी शिकतें, मग दर मंगळवारीं दुपारीं दोन ते चार मी बसत जाईन," असें म्हणावें. तेवढा वेळ त्या आईस दार लोटून झोपतां येईल.