नाबोथाचा द्राक्षमळा आणि गोंदियाचे जंगल

जुन्या करारातील 'राजे' ह्या पहिल्या ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात नाबोथाची कथा येते. इज्रेल येथे राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला ती जागा भाजीपाल्याच्या बागेसाठी हवी होती. राजाने प्रथम जबरदस्ती केली नाही. त्याऐवजी अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देण्याची त्याची तयारी होती. परंतु वाडवडिलांचे वतन विकण्यास नाबोथाने नकार दिला. पुढे ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटवली, उपवास जाहीर करविला, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करून ठार करविले. कागदोपत्री सर्व काही रीतसर झाले होते, न्याय मात्र झाला नव्हता. म्हणूनच परमेश्वराने एलिया संदेष्ट्याला अहाबाकडे पाठविले.

ही कथा आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जंगलांकडे पाहताना तिचा अर्थ नव्याने उमगतो.

धान, तलाव आणि जंगल

गोंदिया जिल्हा धानासाठी आणि जुन्या तलावांसाठी ओळखला जातो. त्याच्या सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव ह्या तालुक्यांत जंगल दाट असून गोंड, हलबा आदी आदिवासी बांधवांची वस्ती मोठी आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले वेचावीत, मे महिन्यात तेंदूपाने तोडावीत आणि पावसाळ्यात धानाची रोवणी करावी, असे त्यांच्या वर्षाचे चक्र आहे. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड भाविक तेथे जमतात, कारण आपल्या पूर्वजांचे ते मूलस्थान आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच आपणांस शिकविले आहे.

ह्या भूमीच्या सभोवती खनिजांचा पट्टा पसरला आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसर परिसरात मँगेनीजच्या खाणी आहेत. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात भरवेलीचे मँगेनीज आणि मलाजखंडचे तांबे निघते, तर दक्षिणेकडील गडचिरोलीत लोहखनिजाचे डोंगर आहेत. खुद्द गोंदियात तिरोडा येथे ३३०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे आहे. त्याच्या कोळशासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथे खाण उघडण्याचा बेत होता. ताडोबाच्या वाघांचे जंगल जवळच असल्याने २००९ मध्ये तो अडला. येथील वीज महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचते. तेव्हा हा प्रश्न दूरच्या कुणाचा आहे, असे आपणांस म्हणता येणार नाही.

शेजारच्या डोंगरावर काय घडले?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तेथील माडिया गोंड समाज ह्या डोंगरावर ठाकूरदेवाला भजतो व दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. २००७ मध्ये येथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा देण्यात आला आणि २०१६ मध्ये प्रत्यक्ष उत्खनन सुरू झाले. पुढे वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा वाढवून १ कोटी टन करण्यात आली. ह्या वाढीसंबंधीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी न होता जिल्ह्याच्या मुख्यालयी झाली. हे अंतर शंभराहून अधिक किलोमीटरचे आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून एवढ्या दूर जाणे किती कुटुंबांना शक्य होते, ह्याचा विचार आपणच करावा.

गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या कोरची तालुक्यातही झेंडेपार येथील लोहखाणीस ग्रामसभांनी विरोध नोंदविला आहे. म्हणजे हा प्रश्न आता देवरी तालुक्याच्या वेशीपर्यंत आला आहे.

ह्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लोखंडाशिवाय शेतकऱ्याचा नांगर नाही, रेल्वे नाही आणि आपल्या चर्चच्या छपराच्या कैच्याही नाहीत. दुर्गम भागातील तरुणांना रोजगार हवा आहे, आजारी मातेला रस्ता व रुग्णालय हवे आहे. खाणीमुळे काहींच्या हाती पगार आला, हे नाकारता येत नाही. म्हणून खनिज काढावे की काढू नये, एवढ्यापुरताच हा वाद नाही. ज्यांची भूमी जाणार आहे त्यांना आधी व खरोखर विचारले गेले काय, आणि त्यांचा नकार हा नकार म्हणून ऐकला गेला काय, हा खरा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासी क्षेत्रांना विशेष संरक्षण दिले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना मोठे अधिकार दिले. परंतु येथे एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांची यादी १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्या वेळी गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि भंडाऱ्याचा त्या यादीत समावेश नव्हता. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, तरी यादीत तो आला नाही. त्यामुळे कोरचीच्या गोंड कुटुंबाला पेसाचे जे कवच आहे, ते काही कोसांवरच्या देवरीतील त्याच्या सोयऱ्याला नाही. जंगल एक, भाषा एक, देव एक, परंतु नकाशावरील एका रेषेने हक्क बदलतो.

अशा गावांना मुख्य आधार आहे तो २००६ च्या वनहक्क कायद्याचा. हा कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू होतो. त्यानुसार गाव आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करू शकते. हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटविता येत नाही. दावा सिद्ध करताना वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) व मर्दा ह्या गावांना २००९ मध्ये देशात सर्वप्रथम असे सामूहिक हक्क मिळाले. गोंदियातील काही ग्रामसभांनीही २०१३ पासून तेंदूपानांचे संकलन व विक्री स्वतः केली आणि मजुरीबरोबर नफाही गावात राहू लागला. जंगल उभे ठेवूनही प्रगती होते, ह्याचा हा दाखलाच होय.

ग्रामसभेचा शब्द किती मोलाचा असतो, हे ओडिशातील नियमगिरीने दाखविले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तो नकार मानला गेला. मात्र २०२२ मध्ये केंद्र सरकारने वनसंवर्धनाचे नियम बदलले. वनजमीन वळविण्यास केंद्राची मंजुरी आधी मिळावी व वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहावी, अशी व्यवस्था झाली. निर्णय झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला अर्थ तो काय उरतो?

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप सहावे पॉल ह्यांनी १९६७ मध्ये 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो' हे परिपत्र प्रसृत केले. केवळ आर्थिक वाढ म्हणजे विकास नव्हे, प्रत्येक माणसाचा व संपूर्ण माणसाचा उत्कर्ष साधतो तोच खरा विकास, असे त्यांनी प्रतिपादिले. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात आदिवासी समाजांचा विशेष उल्लेख केला आहे. त्यांच्या भूमीवरील मोठ्या प्रकल्पांच्या वेळी संवादाचे मुख्य भागीदार तेच असावेत, कारण त्यांच्या दृष्टीने भूमी ही विक्रीची वस्तू नसून देवाची व पूर्वजांची देणगी आहे, असे ते म्हणतात. लेवीय ग्रंथाचा २५ वा अध्यायही हेच शिकवितो की, भूमी परमेश्वराची आहे, आपण तिच्यावरचे पाहुणे आहोत.

ह्या बाबतीत आपणांस आत्मपरीक्षणही करावे लागेल. पंधराव्या शतकातील पोपच्या आज्ञापत्रांचा आधार घेऊन युरोपीय सत्तांनी परक्या भूमी बळकाविल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने तो सिद्धान्त जाहीरपणे नाकारला.

आदिवासींच्या बाजूने उभे राहण्याची किंमतही आपल्या लोकांनी मोजली आहे. झारखंडमधील येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ह्यांनी विस्थापितांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. त्यांनी आपल्यावरील आरोप नाकारले होते, पण खटला उभा राहण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत वयाच्या ८४ व्या वर्षी ते निवर्तले.

मराठी ख्रिस्ती समाजाला भूमीचा हा लढा अपरिचित नाही. वसईची हिरवाई व पाणी वाचविण्यासाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, तेव्हा हजारो भाविक रस्त्यावर आले होते. आपल्या वाडीसाठी आपण जो न्याय मागितला, तोच गोंड बांधवांच्या जंगलासाठी मागण्यास आपण मागे का राहावे?

आपण काय करू शकतो?

सुशिक्षित तरुणांनी वनहक्क कायदा वाचावा आणि दावे भरताना, नकाशे काढताना गावांना साहाय्य करावे. धर्मग्रामातील अभ्यासमंडळांनी ह्या विषयावर चर्चा घडवून आणावी. जनसुनावणी जाहीर झाल्यास तिची सूचना गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत व वेळेत पोहोचली काय, हे पाहावे. शंका विचारणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरविण्याची घाई आपण तरी करू नये. हिंसेचा मार्ग ख्रिस्तसभेला मान्य नाही. म्हणूनच ग्रामसभेचा शांततेचा मार्ग खुला राहणे अत्यावश्यक आहे.

नाबोथ एकटा होता. त्याच्या नगरातील वडीलधाऱ्यांनी राजमुद्रेच्या पत्रांतील हुकूम गप्प राहून पाळला, हे पवित्र शास्त्राने नोंदवून ठेवले आहे. त्या गप्प राहणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, ह्यासाठी प्रभू आपणां सर्वांना सद्बुद्धी व धैर्य देवो.