शाळा सुटल्यावरचं थिएटर

९ ऑगस्ट हा संगीतसूर्य केशवराव भोसले यांचा जन्मदिवस. २०२४ साली त्याच्या आदल्या रात्री कोल्हापुरातलं त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं. ते पुन्हा उभं राहावंच. पण प्रायोगिक नाटकवाल्यांनी तेवढ्यावर थांबावं का, या विचाराने मी दादरच्या छबिलदासपाशी गेलो.

छबिलदास ही मुलांची शाळा. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'ने १९७४ पासून तिच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. दिवसा वर्ग, संध्याकाळी नाटक. बादल सरकारांचं 'जुलूस' अमोल पालेकरांनी तिथे केलं, तेव्हा नट प्रेक्षकांमधूनच वावरत. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात हे कसं करणार? शिवाय शे-दीडशे माणसं आली तरी छोटी खोली भरलेली वाटते. हजारभर खुर्च्यांपुढे तोच प्रयोग पडलेला दिसतो. माझ्या मते या चळवळीचं निम्मं श्रेय त्या खोलीला आहे.

अर्थात, जागा शाळेची. पुढे ती सुटली आणि 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेली. आसरा बदलला, पण पुन्हा शाळेचाच.

आमच्याकडेही सभागृहं आहेत, संध्याकाळी कुलूपबंद. एका शाळेत मी आठवड्याला दोन संध्याकाळी मागून पाहिल्या. मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "रात्री शिपाई थांबला, तर त्याचे पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त होता. सध्या आम्ही तोच हिशेब मांडतो आहोत.