येथे तुतारी करून मिळेल

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की वऱ्हाडात लग्नसराईला तोंड फुटते. आणि त्याआधीचे पंधरा दिवस बँडवाल्यांची निम्मी वाद्ये दवाखान्यात असतात. अकोल्याला मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरात असा एक दवाखाना आहे. पाटी नाही. खोली दहा बाय बारा, ऐन दुपारीही अंधारी. भिंतीवर पोचे आलेली ट्रंपेट टांगलेली आणि मध्ये शेगडीपुढे पासष्टीचे काका. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसते काकाच.

अमरावतीचा मराठीचा प्राध्यापक बडनेऱ्याला गाडी पकडून पत्रे ठोकणाऱ्याकडे कशाला जातो, असा प्रश्न आमच्या घरातही विचारला जातो. उत्तर सोपे आहे. केशवसुतांनी 1893 मध्ये लिहिलेली 'तुतारी' मी दरवर्षी शिकवतो. मुलांना त्यातली बंडखोरी कळते, पण खुद्द तुतारी बघितलेली नसते. पिपाणी, सनई, तुतारी सगळे एकाच माळेचे. पण मुलांनाच का हसावे? 2024 च्या लोकसभा निवडणुकीत एका चिन्हाचे नाव होते 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि दुसऱ्याचे नुसते 'तुतारी'. या दुसऱ्या चित्रात होते चक्क ट्रंपेट! पुढे विधानसभेच्या वेळी त्याला ट्रंपेटच म्हणायचे ठरले. शब्दाचा घोळ केवढ्याला पडतो पाहा.

फरक काकांनी एका वाक्यात सांगितला. "ट्रंपेटले कळा हायेत, सर. तुतारीले फकस्त नयी."

ट्रंपेटची नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरते. वरच्या तीन कळा 1818 मध्ये जर्मनीत पेटंट झालेल्या युक्तीच्या वंशातल्या. कळ दाबली की हवेची वाट तेवढी लांबते आणि सूर उतरतो. या कळा केसाच्याही फटीविना बसाव्या लागतात, आणि ते यंत्राचे काम. म्हणून आपल्याकडच्या बँडांची बरीच वाद्ये मेरठच्या जाली कोठी भागातून येतात. काका ती दुरुस्त करतात, नवी करीत नाहीत. तुतारी मात्र ते मागणीप्रमाणे घडवतात, वर्षाकाठी चार-पाच. नुसती नळी म्हणून हिणवू नका. 1922 मध्ये सापडलेल्या तुतन्खामेनच्या थडग्यातले कर्णे असेच ठोकलेल्या पत्र्याचे, बिनकळांचे होते. तीन हजारांहून अधिक वर्षांनी, 1939 मध्ये, बीबीसीने ते वाजवून जगाला ऐकवले.

यंदाची मागणी पूर्णाकाठच्या एका गावाची होती. पालखीपुढची तुतारी तडकली. गावाने वर्गणी केली. पण वाजवणाऱ्या बुवांची अट अशी, की आवाज जुनाच हवा. काकांनी जुन्या तुतारीच्या वळणावरून सुतळी फिरवून लांबी घेतली आणि सुतळीला गाठ मारली. "लांबी चुकली का आवाज दुसऱ्या गावचा होते," म्हणाले.

मग पितळेचा पत्रा निमुळता कापला, लोखंडी सळईभोवती वळवला, कडेला कड भिडवली. पितळ ठोकत गेले की कडक होते आणि फाटते; म्हणून थोडे ठोकायचे, लाल तापवायचे, पुन्हा ठोकायचे. खरी कसोटी झाळायची. सांध्यावर टाकणखार आणि झाळाची पूड पसरून नळी निखाऱ्यावर धरली. पूड वितळायची, पण पत्रा वितळता कामा नये, आणि दोहोंच्या तापमानात अंतर फार थोडे. तापमापक नाही, रंग पाहायचा. खोली अंधारी का, ते तेव्हा कळले. उजेडात लाली फसवते.

वाक आणायची रीत मला फार आवडली. पोकळ नळी वाकवली तर चिंबते. म्हणून तिच्यात तापवलेली राळ ओतून ती थंड होऊ द्यायची, मग भरल्या नळीला हळूहळू वळण द्यायचे आणि शेवटी शेकून राळ काढून टाकायची. असे दोन तुकडे मध्ये जोडले की झाली तुतारी. जोड फिरवला तर चंद्रकोर, उलटा फिरवला तर नागमोड. रुंद तोंड मठारायला दोन दिवस गेले. मग चिंचेच्या पाण्याने घासणे.

बुवा घ्यायला आले तेव्हा मी हजर होतो. त्यांनी तोंडाला लावली. खालचा सूर आला, वरचा फाटला. पुन्हा फाटला. सूर तोंडाने धरायचा असतो, ओठ थरथरतात आणि नळी त्यातले आपल्या मापाचे तेवढे उचलते. पण बुवांचे ओठ चाळीस वर्षांचे मुरलेले. ते काही बोलले नाहीत, तुतारी खाली ठेवली. काकांचा चेहरा उतरला.

त्यांनी जोड सोडला, एक तोंड बुचाने बंद केले आणि नळीत पाणी भरले. झाळीवर, वाकाच्या आतल्या बाजूला, मोहरीएवढा थेंब उभा राहिला.

"सापडला चोर," काका म्हणाले.

तेवढी जागा पुन्हा तापवायची म्हणजे शेजारची झाळ सुटण्याची धास्ती. मुलगा असता तर भाता त्याने धरला असता. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे, आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, महिन्याचा पगार लागतोच. भाता बुवांनी धरला. काका नुसते "हळू... हळू... बस!" एवढेच म्हणत होते. पुरते निवेपर्यंत कोणी चहालाही उठले नाही.

या खेपेला वरचा सूर असा गेला, की समोरच्या दुकानातला गडी बाहेर येऊन उभा राहिला. बुवांनी तीनदा फुंकली, तिसऱ्यांदा गरज नसताना. मग उपरण्यात गुंडाळून काखेत मारली, पैसे मोजले.

"दहा रुपये कमी हायेत, बुवा."

"भात्याचे कापले," बुवा म्हणाले आणि एस.टी. गाठायला निघाले.