वेगाची परतफेड

जुन्या मोटारीचे कौतुक करताना माणसे तिच्या पत्र्यावरून हात फिरवतात, स्टिअरिंगलगतचा गिअर पाहून हरखतात, हॉर्न वाजवून बघतात. ब्रेककडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. घरातल्या अबोल वडीलधाऱ्या माणसासारखा तो गृहीतच धरलेला असतो.

१९६४ साली आलेली फिएट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. पण कित्येक घरांत आजोबांची फिएट अजून जपून ठेवलेली आहे. नातवंडांना ती चालवायची आहे, आणि तीही आजच्या महामार्गाच्या वेगाने. ‘चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेऊ’ हा विचार इथूनच सुरू होतो.

उमेदीची वर्षे बँकेत कर्जे वाटण्यात गेली म्हणून असेल, पण मला वेग हे कर्जच वाटते. घेताना गंमत, फेडताना कळ. ताशी ४० किलोमीटरचा वेग ८० झाला, की थांबताना फेडायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ती उष्णता होऊन ब्रेकमधूनच बाहेर पडते. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. बंद डब्यासारख्या ड्रममध्ये दोन ब्रेक शू फाकतात आणि त्यांचे लायनर ड्रमला आतून घासतात. लांब घाट उतरताना ड्रम तापतो, प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, लायनरची पकडही सैल पडते. पेडल खाली खाली जाऊ लागते. ‘ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा’ हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक त्यासाठीच होता.

डिस्कची तऱ्हा निराळी. उघड्यावर फिरणारी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड. वारा लागतो म्हणून ती लवकर निवते, पावसाचे पाणीही झटकून टाकते. १९५३ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारने याच ब्रेकच्या बळावर बाजी मारली.

मग बसवावेत का? चार तबकड्या आणून जोडल्या की काम झाले, असे नाही. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच एक शू आणखी घट्ट ओढला जातो. ही फुकटची मदत डिस्कला नाही. म्हणून पायाला जोर देणारा व्हॅक्यूम बूस्टर लागतो. मास्टर सिलिंडर नव्या कॅलिपरच्या मापाचा हवा. ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखणारी झडप तशीच राहिली, तर पॅड सतत घासत राहतात. मागच्या डिस्कला हँडब्रेकची वेगळी सोय पाहावी लागते. शिवाय ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. तीच आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागचा दाब बेताने सोडणारी झडपही हवी. थांबवण्याचे बरेचसे काम पुढचीच चाके करतात. तेव्हा पुढे डिस्क, मागे ड्रम हा मधला मार्ग सामान्य गाडीला पुष्कळदा पुरतो.

कायद्याचीही बाजू आहे. नोंदणीपुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला मान्य नाही. म्हणून आधी आरटीओत विचारावे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपातच हवी, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

म्हणजे प्रश्न डिस्क की ड्रम हा नाहीच. गाडी कशासाठी ठेवायची हा आहे. प्रदर्शनासाठी, तर मूळ ड्रमच ठेवा. नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, नव्या रबरी नळ्या घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग तापल्यावर उकळते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. पोराबाळांना घेऊन घाट उतरायचा असेल, तर डिस्कचा खर्च करा. मात्र तो पुरता करा, अर्धवट नको. काम झाल्यावर मोकळ्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगात, एकट्याने गाडी तपासा. घरच्यांना बसवायचे ते त्यानंतर.