बाटलीबंद पाण्याची मुदत आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

पाण्याला काळाची मर्यादा असते, हा विचार आपल्या घरांना नवा नाही. गाळलेले पाणी किती वेळ चालते आणि उकळलेले किती वेळ, याचा हिशेब आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. परंतु तेच पाणी बाटलीत बंद होऊन दुकानी आले, की तो हिशेब छापील तारखेवर सोपवून आपण मोकळे होतो. ती तारीख कशाची असते व कोणत्या अटीवर खरी ठरते, हे पाण्याचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

गतवर्षी वैशाखात बेळगावच्या एका स्नेह्यांकडे लग्नकार्य होते. पंगतीत पाण्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या आणि पाहुण्यांनी एक घोट घेऊन त्या खाली ठेवल्या. पाण्याला फिनेलचा वास येत होता. मुदतीला अद्याप चार महिने शिल्लक होते, सीलही शाबूत होते. यजमानांनी पाणी भरणाऱ्या कारखान्यास दोष दिला. चौकशीअंती कळले, की पुरवठादाराच्या गोदामात ती खोकी महिनाभर फिनेलच्या कॅनांना लागून रचलेली होती.

असे का घडते? वस्तुतः शुद्ध पाणी दुधाप्रमाणे नासत नाही. जंतूंना पोसणारे अन्न त्यात जवळजवळ नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर सीलबंद पाण्यास मुदतीची मर्यादाच घालून दिलेली नाही. आपल्याकडील लहान बाटल्यांवर बहुधा सहा महिन्यांची मुदत असते. ही मुदत पाण्याची जितकी, त्याहून अधिक बाटलीची होय. या बाटल्या ‘पेट’ नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. ते काचेसारखे पारदर्शक दिसले, तरी काचेसारखे अभेद्य नसते. रॉकेल, रंग, डांबराच्या गोळ्या, उदबत्ती यांची वाफ त्यातून हळूहळू आत शिरते आणि पाण्याची चव बिघडवते.

दुसरा शत्रू उष्णता. पेट तयार करताना अँटिमनी या धातूचे संयुग वापरतात व त्याचा अत्यल्प अंश प्लॅस्टिकमध्ये राहतो. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली याविषयी प्रयोग प्रसिद्ध केले. २२ अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवलेल्या पाण्यात अँटिमनीचे प्रमाण विशेष वाढले नाही. मात्र अमेरिकेतील विहित मर्यादा ओलांडण्यास ६० अंशांत १७६ दिवस, ६५ अंशांत ३८ दिवस, तर ७५ अंशांत पाच दिवसांहूनही कमी काळ पुरेल, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे एक दुपार उन्हात राहिलेली बाटली विषारी होते असे नव्हे. परंतु पत्र्याच्या छपराखाली वा उन्हात उभ्या गाडीत आठवडेच्या आठवडे माल ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

तिसरी गोष्ट सील फोडल्यानंतरची. भरताना पाणी बहुधा ओझोन वायूने निर्जंतुक करतात. हा वायू थोड्याच वेळात प्राणवायूत रूपांतरित होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन राहून काही काळ राखण करतो, तसा रखवालदार येथे उरत नाही. तोंड लावलेल्या बाटलीत जंतू शिरतात व उबेत वाढतात. म्हणून उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी आणि रिकामी पुन्हा पुन्हा भरू नये.

कायद्याची बाजूही ध्यानी असावी. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या २७ व्या कलमान्वये मुदत उलटलेला किंवा अस्वच्छ स्थितीत ठेवलेला माल विकल्यास विक्रेता जबाबदार ठरतो. आणि उत्पादकाच्या सुरक्षाविषयक सूचना डावलून माल साठविणारा वितरकही त्यातून सुटत नाही. ‘माल कारखान्यातून असाच आला’ हे उत्तर तेथे पुरत नाही.

यासाठी करावयाचे ते फार खर्चाचे नाही. खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर रचावीत. जागा थंड, कोरडी व ऊन न येणारी असावी. फिनेल, साबण, रॉकेल, हिंग यांच्यासाठी निराळा कोपरा असावा. उतरवून घेतानाच तारीख पाहावी आणि आधी आलेला माल आधी काढावा. फुगलेली, गळकी वा सील ढिले झालेली बाटली विकू नये.

बाटलीवरील तारीख कारखानदार छापतो, परंतु ती खरी ठेवण्याचे काम गोदामात होते. तहानलेला गिऱ्हाईक पाणी पारखून घेत नाही, दुकानदाराच्या विश्वासावर पितो. आपल्या पेढ्यांची पत ज्या विश्वासावर उभी राहिली, तो वीस रुपयांच्या बाटलीसाठी गमावणे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.