लाइट गेली, फाइल कोरी झाली

एका ग्रंथालयातून फोन आला. लाइट जाऊन आली होती, लिनक्सचं मशीन काळ्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ प्रॉम्प्ट दाखवत थांबलं होतं आणि वर एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) हाताने चालवा, असा निरोप. तिथल्या काकूंचा प्रश्न ठरलेला: “डिस्क गेली का हो?”

बहुतेकदा गेलेली नसते. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम २००८च्या डिसेंबरात कर्नल २.६.२८मध्ये पक्की झाली. तिचं जर्नल म्हणजे आपली कीर्द. बदल आधी कीर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. लाइट आल्यावर कीर्दीतल्या पूर्ण नोंदी खतवल्या जातात, अर्धवट सोडल्या जातात. काही सेकंदांचं काम. त्यानंतरही हिशोब जुळला नाही तरच तो प्रॉम्प्ट येतो, आणि तेव्हा मी आधी डिस्कच तपासतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याहून जास्त दिसले, तर दुरुस्ती थांबवायची आणि डीडीरेस्क्यूने प्रत काढायची. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्ती म्हणजे तिच्याकडून आणखी कष्ट करून घेणं.

“चालू मशीनवरच चालवा की!” असं सांगणारे तज्ज्ञ गल्लोगल्ली भेटतात. माउंट केलेल्या विभाजनावर दुरुस्ती म्हणजे एकाच वहीत दोन कारकुनांनी एकाच वेळी खाडाखोड करणं. कर्नलच्या मेमरीत वहीचं वेगळंच चित्र असतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. आधी ‘-एन’: नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. मग ‘-पी’, म्हणजे बिनधोक तेवढंच दुरुस्त. ‘-वाय’ प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतं. प्रत हाताशी असेल तरच. हे सगळं ईएक्सटी घराण्यापुरतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमवर एफएससीके काहीच करत नाही, तिथे माउंट करतानाच लॉग वाचला जातो. एक्सएफएस-रिपेअरचा ‘-एल’ तो लॉगच पुसतो, म्हणून तो शेवटचा उपाय.

ग्रंथालयाची डिस्क धडधाकट निघाली. दुरुस्ती झाली, फेरतपासणीत ‘क्लीन’ आलं. पण त्या दिवसाची देवघेवीची फाइल शून्य बाइट.

लोक फसतात ते इथे. एफएससीके खतावणी जुळवतं, मजकुराची हमी देत नाही. नेहमीच्या पद्धतीत ईएक्सटी४च्या कीर्दीत फक्त मेटाडेटा, म्हणजे फाइलींविषयीच्या नोंदी, जातो, तो दर ५ सेकंदांनी. मजकूर मात्र मेमरीत ३० सेकंदांपर्यंत रेंगाळू शकतो. ‘सेव्ह’ केल्यावर पंधराव्या सेकंदाला लाइट गेली, तर फाइलचं नाव राहतं, आत काही नाही. २००९मध्ये अशा कोऱ्या फाइलींवरून बरीच ओरड झाली आणि २.६.३०मध्ये जुनी फाइल बदलताना होणारं नुकसान बरंचसं आवरलं. नव्या फाइलीला ते संरक्षण नाही. मजकूर लगेच डिस्कवर उतरवायला प्रोग्रामनेच एफसिंक करायला हवं. ग्रंथालयाचा प्रोग्राम रोज संध्याकाळी नवी फाइल करायचा.

“लॉस्ट अँड फाउंडमध्ये असेल ना?” काकूंनी विचारलं. तिथे येतात अनाथ फाइली, ज्यांचं फोल्डरशी नातं तुटलंय, आणि नावाऐवजी #१३१०७७ असा आयनोड क्रमांक घेऊन, कारण नाव फाइलीत नसतं, फोल्डरमध्ये असतं. आमच्या फाइलीचं नाव जागेवर होतं. मजकूर डिस्कवर कधी उतरलाच नव्हता.

आदल्या रात्रीची प्रत होती. त्या दिवसाच्या नोंदी काकूंनी सभासदांच्या कार्डांवरचे तारखेचे शिक्के बघून पुन्हा भरल्या.